न दुखणारा हात

कुठं दुखतंय असं मला कोणी विचारलं, तर मी सांगायचो, कुठंच नाही. ते खरं होतं आणि तोच माझा आजार होता. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला तेवढा उशीर होऊ नये म्हणून हे लिहायला बसलोय.

लिही म्हणून मागं लागल्या त्या आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई. "पैलवान, तुमच्यासारख्या आडदांड माणसाला हा रोग झाला आणि तो बरा झाला, हे लोकांना कळू द्या. निदान डाग लपवणं तरी थांबेल." मी चऱ्होलीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढं सगळं शिक्षण तालमीत. लिहिण्याची सवय नाही. जसं घडलं तसं सांगतो.

आमच्याकडं या रोगाला महारोग म्हणायचे. बाई कुष्ठरोग म्हणतात. नाव काहीही घ्या.

पहाड

मी लहानपणापासूनच अंगानं मोठा. मिसरूड फुटायच्या आत आमच्या घराच्या चौकटीतून मला वाकून आत जावं लागायचं. पुढं उंची साडेसहा फुटांच्या वर गेली. एकदा चाकणच्या बाजारात कांद्याच्या वखारीतल्या काट्यावर लोकांनी हौसेनं माझं वजन केलं. एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात कांद्याची पोती. बघायला बाजार लोटला होता.

आई-वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, मला वाढवलं. म्हशीचं दूध आधी माझ्या तांब्यात, मग त्याच्या पोरींच्या वाटीत. वहिनी कधी कुरकुरली नाही. भोसरी, चाकण, आळंदीकडच्या जत्रांत मी कुस्त्या मारल्या. खरं सांगायचं तर मी चपळ नव्हतो आणि डावांतही फार हुशार नव्हतो. समोरचा माझ्या अंगाखाली आला की त्याचं काही चालायचं नाही, एवढंच.

मग मुंबईचा एक शेठ मला बघायला आला. तो तिकिटाच्या फ्री स्टाईल कुस्त्या लावायचा. दोरखंडाचं रिंगण, वर विजेचे दिवे, बेंडबाजा. त्यानं मला काळा पट्टेरी झगा शिवून दिला आणि नाव ठेवलं 'हिंदचा पहाड'. सोलापूर, नागपूर, हैदराबाद, इंदूर असा आमचा तांडा फिरायचा. भिंतीभिंतीवर माझं चित्र. चित्रात मी होतो त्याहूनही मोठा दिसायचो.

माझ्यासमोर बहुतेक वेळा जोगा असायचा. हा पंजाबातला पैलवान, फाळणीत घरदार सोडून आलेला. पिंपरीला निर्वासितांची वसाहत होती, तिथं त्याच्या म्हाताऱ्या आईबरोबर एका खोलीत राहायचा. आमच्या कुस्त्या नुरा असायच्या, म्हणजे आधीच ठरवलेल्या. पहाडानं जिंकायचं आणि जोगानं पडायचं. जोगा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला मल्ल होता हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तो पडायचा, लोक ओरडायचे, आणि तंबूत आल्यावर तोच माझ्या खांद्यांना तेल लावायचा. आम्ही एका ताटात जेवायचो.

गॅसबत्ती

सोलापूरला संध्याकाळी तंबू बांधायचं काम चाललं होतं. पेटलेली गॅसबत्ती वाटेत होती म्हणून मी ती उचलून बाजूला ठेवली. उचलली ती वरच्या टोपीला धरून.

"ओय! हात! हात बघ तुझा!" जोगा ओरडला.

बघतो तर तळहाताची कातडी पांढरी पडून सुटली होती. भाजल्याचा वास सुटला होता. मला काहीच झालं नव्हतं. जोगानं माझा हात पाण्याच्या बादलीत घातला आणि मग आम्ही दोघं हसलो. "तू लोखंडाचा झालास यार," तो म्हणाला.

शेठ हसला नाही. तो बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. पुढच्या गावात नवा फलक लागला, 'ज्याला वेदना ठाऊक नाही असा पहाड'. कुस्तीच्या आधी मी रिंगणात उभा राहायचो आणि शेगडीतला निखारा उजव्या तळहातावर घ्यायचो. बायका डोळे झाकायच्या. पुरुष शिट्ट्या मारायचे. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. फोड यायचे, फडकं बांधायचं, भरायला फार दिवस लागायचे. त्याच हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळू लागलं होतं. मला वाटलं, कुस्तीत मोडलं असेल.

माझी बायको भागू, पुनावळ्याची. मी घरी आलो की ती पाठ चोळून द्यायची. तिनं एकदा पाठीवरचा तांबूस चट्टा बघितला. गजकर्ण समजून कडुलिंबाचा पाला वाटून लावला. मग म्हणाली, "अवं, मी हितं चिमटा घेतला. तुमाला कळलंबी न्हाई?"

"पैलवानाचं कातडं हाय," मी म्हणालो.

ती हसली नाही. "म्हशीलाबी माशी बसली की कळतं," ती म्हणाली.

तो दिवस

दिघीच्या लष्करी हद्दीत जवानांसाठी आमचा खेळ होता. निखाऱ्याचा खेळ झाला, कुस्ती झाली. त्यानंतर एक लष्करी डॉक्टर तंबूत आले. मराठी माणूस, नागपूरकडचा. त्यांनी माझा हात बघितला आणि सकाळी दवाखान्यात या म्हणाले.

सकाळी त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "हात लागला की बोट दाखवा." मी वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं विचारलं, "सुरू केलं का?"

"झालं," ते म्हणाले. कापसाचा बोळा त्यांच्या हातात होता.

मग त्यांनी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला चाचपलं. तिथं दोरीसारखं काहीतरी जाड लागत होतं, मलाही लागलं. त्यांनी विचारलं, लग्न झालंय का, मुलं आहेत का. मुलं नाहीत म्हणालो. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि रोगाचं नाव सांगितलं. आता यावर गोळ्या निघाल्यात, माणूस बरा होतो, पण वेळ लागतो, इस्पितळात राहावं लागतं, असंही सांगितलं. हे सगळं सांगताना ते माझ्या तळहाताची जखम आपल्या उघड्या हातांनी धूत होते.

मी विचारलं, "संध्याकाळी चाकणला कुस्ती हाय. ती करू का?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "पैलवान, मी काय म्हणालो ते कळलं ना?"

"कळलं की."

"मग नाही. आता कुस्ती नाही."

"बरं," मी म्हणालो. बाहेर आलो. उन्हात उभा राहिलो. समोर जवानांची कवायत चालली होती ती बघितली. भूक लागली होती, पाव खाल्ला. लोक सांगतात की असं ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकते. माझी काही सरकली नाही. मला काहीच झालं नाही. दुसऱ्या कोणाची तरी बातमी ऐकल्यासारखं वाटत होतं.

डॉक्टरांनी तांड्यातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं, त्यामुळं बातमी माझ्या आधी तंबूत पोचली होती. शेठ लांबूनच बोलला. झगा मागू नकोस म्हणाला, तो जाळायला दिलाय. जोगा नळावर अंग घासत होता. विटेचा तुकडा घेऊन दंड, मान, छाती. मला बघितलं आणि तोंड फिरवून पुन्हा घासायला लागला. मी माझी वळकटी उचलली आणि चऱ्होलीची वाट धरली.

मळ्यातलं खोपट

दादा बैलांना वैरण टाकत होता. मी गोठ्याबाहेर उभा राहून सांगितलं. त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग तो म्हणाला, "सोपान, माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायेत."

"व्हय."

"मळ्यात खोपट हाय. तू आपला तिकडं ऱ्हा. जेवान पोचतं करतो."

"बरं," मी म्हणालो.

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. रडत होता, पण जवळ आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्यानं मला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं आणि त्याला भीती वाटत होती. दोन्ही खरं होतं.

खोपटात आलो तेव्हा भागू आधीच तिथं येऊन झाडत होती. तिनं अंथरूण टाकलं, चूल मांडली. पण आठवडाभरात तिचा बाप बैलगाडी घेऊन आला. बांधावर उभा राहून त्यानं आणि दादानं तिला समजावलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मी काही म्हणतो का म्हणून. मी म्हणालो, "जा. इस्पितळातून आल्यावर बघू." ती गाडीत बसली. पाठमोरीच बसली.

इस्पितळात जायच्या आधी कळलं की तालमीतल्या पोरांनी आखाड्यातली लाल माती उकरून इंद्रायणीत टाकली आणि नवी भरली. जुन्या मातीत मी वर्षानुवर्षं लोळलो होतो. सांगणारा माझ्या तोंडाकडं बघत थांबला. मी विचारलं, "नव्या मातीत ताक-तेल घातलं का नीट?"

इस्पितळ

इस्पितळ दिघीच्या पलीकडच्या माळावर होतं. लांबट बैठ्या खोल्या, कौलं, कडुलिंबाची झाडं. लष्कराच्या हद्दीत सुरुंग उडायचे तेव्हा छपरातली धूळ आमच्या पेजेत पडायची. कोणी मान वर करायचं नाही.

पहिली अडचण खाटेची. माझे पाय गुडघ्यापासून बाहेर. शेवटी दोन खाटा टोकाला टोक लावून बांधल्या. दुसरी अडचण चपलांची. पायही बधिर झालेले, म्हणून अनवाणी चालायला बंदी, आणि माझ्या मापाची चप्पल पुण्यातही मिळेना. तिथल्याच एका रोग्यानं मालमोटारीच्या जुन्या टायरची कापून दिली. अजून तीच वापरतो.

दिवस कसा जायचा ते सांगतो, म्हणजे जाणाऱ्याला भीती वाटणार नाही. सकाळी पाय पाण्यात बुडवून ठेवायचे. मग कडक कातडी दगडानं घासायची, तेल लावायचं. बोटं सरळ करायचा व्यायाम. पट्टी. पांढऱ्या गोळ्या. पेज. झाडलोट, नाहीतर भाजीच्या वाफ्यात काम. दुपारी जेवण. पुन्हा बोटांचा व्यायाम. अधूनमधून कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन तपासणीला नमुना घ्यायचे. हे सोडून तिथं काही भयंकर घडत नाही. मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं, तिथं लोक ओरडत असतील. लोक पत्ते खेळत होते.

शेजारच्या खाटेवर मारुतीअण्णा होते. चाकणचे शिंपी. त्यांची बोटं पार वळली होती. गोळ्या निघायच्या आधीपासून ते आजारी होते, त्यांनी कडू तेलाची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेतली होती. त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. "ह्या पायाला आता समजत न्हाई. तवा त्येचं काम डोळ्यानं करायचं. रोज तळवा उलटा करून बघायचा. खडा हाय का, चीर हाय का. लाजायचं न्हाई." हे तुम्हीही लक्षात ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

एकदा अण्णांनी विचारलं, "घरची आठवन येती का रं?"

मी विचार केला. "न्हाई."

"मलाबी पैल्यांदा येत न्हवती," ते म्हणाले आणि उताणे झाले.

मी तिथं चांगला रोगी होतो. बाई सांगतील ते करायचो. रडलो नाही, भांडलो नाही, पळून गेलो नाही. बाई इतरांना माझा दाखला द्यायच्या. पण मला आतून काही लागत नव्हतं. सकाळ झाली की उठायचो, अंधार पडला की झोपायचो. कुस्ती आठवली तरी ती दुसऱ्याच कोणाची वाटायची.

भागू

ती भेटायला यायची. पुनावळ्याहून कधी गाडीनं, कधी चालत. येताना भाकरी आणि लसणाची चटणी. आम्ही लिंबाखाली बसायचो, मधे थोडं अंतर ठेवून. अंतर मी ठेवायचो, ती नाही.

मधे मला मोठा ताप आला. औषध सुरू असताना असा ताप कोणाकोणाला येतो, अंगावर लाल गाठी उठतात. घाबरून गोळ्या टाकून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. माझं कोपर ठणकू लागलं. इतकी वर्षं काही न दुखलेला मी, आणि त्या ठणक्यानं असा ओरडलो की भाजीच्या वाफ्यातली माणसं धावत आली. एवढा थोराड माणूस गुरासारखा हंबरतोय म्हणून नवी आलेली एक म्हातारी रडायलाच लागली.

त्या तापातून उठलो आणि भागू आली. माझं तोंड उतरलेलं बघून तिनं कपाळावर हात ठेवला. मग सरळ म्हणाली, "आबा काडीमोड घे म्हन्त्यात. वाकडच्या एका बिजवराकडनं इचारायला आल्यात."

मी ऐकत होतो.

"मी काय सांगू त्यास्नी?"

"तुझं तू बघ," मी म्हणालो. मला खरंच असं वाटलं की हा तिच्या सोयीचा प्रश्न आहे. तिनं सुखात राहावं, एवढंच माझ्या मनात आलं, आणि तेही लांबून आल्यासारखं.

ती उठून उभी राहिली. मी बसलेला असूनही तिचं डोकं माझ्यापेक्षा फार वर नव्हतं. "एवढं मोठं अंग," ती म्हणाली, "आन् त्यात माझ्यासाठी एक शबूद न्हाई? 'जाऊ नगं' म्हना, न्हाईतर 'जा' म्हना. लाथ मारा, पन कायतरी म्हना."

मी तिच्याकडं बघत राहिलो. खरंच काही आलं नाही तोंडात. तिनं फडकं झटकलं, भाकरीची टोपली उचलली आणि फाटकातून बाहेर गेली. त्यानंतर ती आली नाही. आख्खा पावसाळा गेला, ज्वारीची कणसं भरली, ती आली नाही.

या रोगात कातडी बधिर होते हे डॉक्टर सांगतात. मनाचं कोणी सांगत नाही. मी सांगतो. असं झालं तर त्याला शहाणपण समजू नका.

खरी कुस्ती

सुगीच्या दिवसांत एका दुपारी फाटकावरून हाक आली. "ओय पहाड!"

जोगा होता. दाढीत पांढरे केस आले होते. तो आत आला तो थेट माझ्या खाटेपर्यंत. मी मागं सरकलो.

"अजून पुरता बरा न्हाई मी. तपासणी चालूच हाय."

"मालूम आहे. फाटकावरच्या नर्सला विचारलं," तो म्हणाला. त्याची मराठी पिंपरीच्या बाजारात शिकलेली. "मला तेव्हाच तपासलं होतं. काही निघालं नाही. तरी डर गया था. आईनं विचारलं, तुझा मोठा दोस्त कुठाय. खोटं सांगितलं, गावी गेलाय. मग रोज विचारायची. परवा ती गेली. आता खोटं कोणाला सांगू?"

तो खाटेच्या कडेला बसला. शेठनं कुस्त्यांचा धंदा बंद केला होता. जोगा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर राखणदार होता.

मग त्यानं अंगरखा काढला. "चल. बाहेर चल."

"कशाला?"

"तू मला किती वेळा पाडलंस? सगळं झूट. एक खरी होऊ दे."

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो अंगणात गेला, पायानं खडे बाजूला सारले आणि मांडीवर थाप मारली. खोल्यांतून माणसं बाहेर आली. कोणी काठीवर, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर. मारुतीअण्णा म्हणाले, "जा रं पैलवान. बाई पुन्याला गेल्यात."

मी गेलो. जोगानं मूठभर माती घेतली, माझ्या छातीला लावली आणि हात पुढं केला. मी डावा हात दिला. त्यानं मान हलवली. "तो नाही. आजारी हात दे." मी उजवा दिला, वळलेल्या बोटांचा. त्यानं तो घट्ट धरला. पकड मला कळत नव्हती, पण त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली दिसत होती.

मला वाटलं होतं, तो सांभाळून घेईल. आजारी माणसाला घेतात तसं. थोडं ढकलेल, थोडं पडेल, मला उठवेल. जोगानं सांभाळून घेतलं नाही. त्यानं माझ्या मानेवर असा हात मारला की दात वाजले. मी अंग टाकलं, तो निसटला. पुन्हा अंग टाकलं, पुन्हा निसटला. मग माझ्या काखेखाली शिरून त्यानं ढाक हा डाव मारला. त्याच्या खांद्यावरून मी, एवढा ऐवज, हवेत फिरलो आणि दाणदिशी पाठीवर आलो. दोन्ही खांदे मातीला. छातीतली हवा निघून गेली.

अंगणातली माणसं ओरडली. ज्यांची बोटं वळली होती ती माणसं मनगटावर मनगट मारून टाळ्या देत होती.

जोगा माझ्या छातीवरून उठला नाही. धापा टाकत म्हणाला, "लागलं?"

आणि मला रडू फुटलं. कुठून आलं ते कळलं नाही. उताणा पडून, मातीत, सगळ्यांसमोर मी पोरासारखा रडलो. दादाच्या हातातली पेंढी, नदीत टाकलेली माती, गाडीत पाठमोरी बसलेली भागू, सगळं एकदमच आलं. जोगा बाजूला बसला आणि माझं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. थांब म्हणाला नाही.

डोळे पुसले तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट विचारली, "पुनावळ्याला जाशील?"

"काय सांगू?"

"सांग, जाऊ नगं म्हनतोय. सांग, मला ती पायजे."

"बस एवढंच? हे तू तेव्हा का नाही बोललास, गाढवा?" तो म्हणाला आणि अंगरखा चढवून तसाच निघाला.

बाई परत आल्यावर माझ्या पाठीवरचं खरचटलेलं बघून खूप रागावल्या. बरोबरच होतं त्यांचं. तुम्ही असं काही करू नका. पण मला विचाराल तर गोळ्यांनी रोग गेला आणि ढाकेनं मी परत आलो.

परत

जोगानं पुनावळ्याला सासऱ्याच्या अंगणात उभं राहून काय सांगितलं ते मला आजवर नीट कळलेलं नाही. भागू म्हणते, त्याची अर्धी मराठी कोणालाच समजली नाही, पण तो एवढा मोठा गडी बोलता बोलता रडायला लागला, तेव्हा तिच्या आईनंच तिचं लुगडं गाठोड्यात बांधलं. बिजवराला तिनं आधीच नाही म्हणून सांगितलं होतं. ती माझ्या शब्दाची वाट बघत बसली नव्हती, नुसती रागावली होती. हे तिनं मला स्वतः सांगितलं, आणि लिही म्हणाली.

पुढं माझी तपासणी स्वच्छ आली. एकदा आली, मग परत आली, मग बाईंनी घरी जायला सांगितलं. गोळ्या अजून चालू आहेत, महिन्याला इस्पितळात जातो. मारुतीअण्णा तिथंच आहेत. त्यांना घर राहिलेलं नाही. गेलो की त्यांच्याजवळ बसतो.

आम्ही मळ्यातल्या खोपटातच राहतो. त्याला आता कुडाच्या भिंती आणि कौलं आहेत. मोठ्या पुतणीचं लग्न झालं, त्यात आम्हाला बोलावणं नव्हतं. दुसरीच्या लग्नात होतं, पण जेवायला वेगळी पंगत. मी जेवलो. भागू जेवली नाही. दादा कधी कधी बांधापर्यंत येतो, पिकापाण्याचं बोलतो. हल्ली बांध ओलांडून आत येतो, पण चहा घेत नाही. वहिनी घेते.

जोगानं शब्द टाकून मला पिंपरीच्या बांधकामावर त्याच्या जोडीला लावलंय. फाटकावर नुसतं उभं राहायचं असतं. लोखंड, आग, यंत्र यांना हात लावायचा नाही, असं बाईंनी तिथल्या मुकादमाला स्वतः येऊन बजावलं. मुकादम म्हणाला, "हा माणूस नुसता उभा राहिला तरी सिमेंटची चोरी थांबते." काही मजूर माझ्या हातून पाणी घेत नाहीत. बरेच घेतात.

परवा पाळी सुटल्यावर घरी आलो. अजून ऊन होतं. रोजच्यासारखा ओट्यावर बसलो आणि पाय पुढं केले. मी आल्याबरोबर भागू माझे तळवे बघते, हे आमचं ठरलेलं. मी स्वतः बघतोच, पण तिचा माझ्यावर विश्वास नाही. तिनं टायरची चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि तळवा उजेडाकडं वळवला.

"काय हाय?"

"बाभळीचा काटा. टायरातनं आत आलाय. केवढा हाय!"

मला पत्ताच नव्हता. पिंपरीहून चालत आलो होतो, वाटेत एकाशी हसत बोललो होतो. तिनं सुई घेतली, कातडी बाजूला केली, काट्याचं टोक दोन नखांत धरलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं दात आवळले, डोळे बारीक केले आणि काटा उपसला.

"आई गं!" ती म्हणाली.